गाण्याची बॅटरी

“ऊठ त्या झाकणावरून.”

“नाही उठत.”

“ताई, शेवटचं सांगतोय.”

“शेवटचं, शेवटचं म्हणून किती वेळा सांगशील? घसा बसला तुझा. आधी ते गाणं बंद कर, मग काय बोलायचं ते बोल.”

“गाणं बंद होणार नाही!”

धाकट्याच्या गळ्याच्या शिरा टरारून फुगल्या. ओरडल्याशिवाय इलाजच नव्हता. केबिनमध्ये दोन लाकडी स्पीकर छातीच्या उंचीवर ठोकलेले होते आणि त्यांतून एका बाईचं गाणं असं फुटत होतं की खिडकीच्या काचा चौकटीत थरथरत होत्या. बाहेर भर दुपारचं ऊन, पाणी तापलेल्या पत्र्यासारखं. बोट धक्क्यापासून चांगली लांब, नेहमीसारखी एका तरंगत्या पिंपाला बांधलेली. धक्क्यावरून कुणी बघितलंच असतं तर म्हणालं असतं, चाललीय मजा.

दारापाशी धाकट्याची बायको उभी होती. लग्नाला वर्ष होत आलं तरी धक्क्यावर सगळे तिला ‘नवी’च म्हणत. तिनं एका हातानं गाल दाबून धरला होता. बोटांमधून रक्ताची बारीक रेघ निघून मनगटापर्यंत आली होती, आणि ती पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

आणि थोरली, धाकट्याची बहीण, जिनं त्याला हातांवर वाढवला, ती बॅटरीच्या पेटीच्या झाकणावर मांडी ठोकून बसली होती. कपाळ घामानं निथळत होतं, पण बाई जागची हलत नव्हती.

“रोज बॅटरी उतरते,” धाकटा म्हणाला. “दिवसभर भरायची आणि गाणं रंगात आलं की उतरायची. पाहुणे हसतात मला. तूच उतरवतेस. दुसऱ्या कुणाला कळतंय त्यातलं?”

“मी नाही उतरवत.”

“मग कोण? भूत?”

थोरलीनं मांडी आणखी घट्ट आवळली.

तिला धक्क्यावर बॅटरीवाली म्हणत. भाऊ मांडीवर आला आणि तिची शाळा सुटली. पुढं जे काही आलं ते तिनं ॲसिडनं कपडे जाळून घेत, बोटं भाजून घेत, स्वतःच शिकून घेतलं. धक्क्याच्या टोकाला तिची पत्र्याची खोली; तिथं बाकावर बॅटऱ्या ओळीनं मांडलेल्या, चिमटे लावलेल्या, आतलं पाणी हलके बुडबुडत असायचं. बोट घेऊन आलेल्या प्रत्येकाला ती एकच गोष्ट बजावायची, आणि बजावताना असा आवाज चढवायची की माणूस दोन पावलं मागं सरकायचा.

“बोटीवर बॅटऱ्या दोन. एक एंजिनाची. तिनं फक्त स्टार्टर फिरवायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही. दुसरी गाण्याची. दिवा, पंप, पंखा, गाणं, सगळं तिच्या जिवावर. मध्ये ही गोल चावी. बंद, एक, दोन, आणि दोन्ही. एंजिन बंद करून पाण्यात थांबायचं असेल तर चावी दोनवर. गाण्याची बॅटरी उतरली तर गाणं थांबेल, आभाळ कोसळणार नाही. एंजिनाची शाबूत राहील आणि घरी याल. चावी दोन्हीवर ठेवाल तर गाणं दोघींना पिऊन टाकेल, मग बसा पाण्यात बोंबलत. समजलं? परत सांगा बघू.”

आणि मोठमोठ्या मिशांची माणसं तिला ते परत म्हणून दाखवायची. मागून हसायचीही. बॅटरीवालीचं डोकं फिरलंय म्हणायची. हसणाऱ्यांचं काय जातं! तिचं डोकं कशानं फिरलं होतं ते त्यांना माहीत नव्हतं.

थोरली-धाकट्याचा बाप हीच बोट चालवायचा. ही बोट, हे स्पीकर, आणि मशीनमध्ये कायमची अडकून बसलेली हीच कॅसेट. संध्याकाळी गिऱ्हाइकं उतरली की तो बायको-मुलांना बोटीत घालायचा, पाण्याच्या मधोमध जाऊन एंजिन बंद करायचा आणि गाणं लावायचा. धक्क्यावरचे म्हणायचे, माणूस काय हौशी आहे, बायकोला गाणं ऐकवायला नेतो. गाणं मोठं झालं की केबिनचं दार लागायचं. मग आत जे चालायचं ते धक्क्यापर्यंत पोचायचं नाही. गाणं त्याचसाठी होतं.

थोरली तेव्हा परकर नेसायच्या वयाची. ती बाहेर, बोटीच्या टोकाला, तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन बसायची आणि त्याच्या कानांवर हात दाबून धरायची. दोन हात आणि दोन कान. स्वतःच्या कानांसाठी तिच्याजवळ हात उरायचे नाहीत.

आईला कुणी काही शिकवलं नव्हतं. मारानं शिकवलं. तिच्या लक्षात आलं की बॅटरी उतरत आली की गाणं जड होतं, गाणारीचा आवाज पुरुषासारखा घोगरा होतो, लांबतो आणि थांबतो. गाणं थांबलं की नवऱ्याचा हात थांबतो, कारण पाण्यावरून आवाज लांबवर जातो आणि लोकांत त्याची अब्रू होती. झालं. आईनं दिवसा बॅटरी सांडायला सुरुवात केली. पुढच्या खणातला दिवा लावून ठेवायची आणि उजेड दिसू नये म्हणून त्यावर ओलं फडकं बांधायची. बोटीच्या पोटातलं पाणी उपसायचा पंप कोरडाच चालू ठेवायची. टोकाचा सर्चलाइट पाण्याकडे वाकवून भर उन्हात लावायची. उन्हात तो कुणाला दिसणार? दिवसा जेवढं सांडेल तेवढं संध्याकाळी कमी. बाप बॅटरीवाल्याला शिव्या घालायचा, डायनामो बदलायचा, त्याला कधी कळलं नाही.

गाणं थांबलं की आई केबिनचं दार उघडायची. खांद्यावरून पदर ओढून तोंड पुसायची, आणि भाजी संपली असं सांगावं इतक्या साध्या आवाजात, दर वेळी तेच एक वाक्य म्हणायची.

“अहो, बॅटरी उतरली. चला आता घरी.”

बाहेर टोकाला बसलेली पोर त्या वाक्याची वाट बघत असायची. ते ऐकू आलं की भावाच्या कानांवरचे हात काढायचे, असा तिचा नेम होता.

मग बापाला कुणीतरी ती गोल चावी बसवून दिली.

पहिल्याच संध्याकाळी त्यानं ती दोन्हीवर फिरवली. गाणं जड होईना, थांबेना. कॅसेटची एक बाजू संपायची, खट् व्हायचं, दुसरी सुरू व्हायची. पोरीचे हात भरून आले, पण वाक्य येईना. शेवटी दार उघडलं तेव्हा बाप एकटाच चालत बाहेर आला. आईला त्यानं केसांना धरून मागं ओढत आणलं होतं. पोतं ढकलावं तसं त्यानं तिला कडेवरून ढकललं. पाण्यात जाताना आईचे डोळे उघडे होते.

त्यानंतर गाणं थांबलं. दोन्ही बॅटऱ्या पिऊन झाल्या होत्या. बापानं स्टार्टर दाबला, नुसती टकटक. मग त्यानं लोखंडी हँडल एंजिनात घातलं आणि जोर लावून फिरवलं. जुनी एंजिनं कधी कधी उलटा झटका देतात. त्या एंजिनानं दिला. हँडल सुटलं आणि त्याच्या जबड्यावर बसलं. फळी मोडावी तसा आवाज झाला. त्याचं तोंड एका बाजूला गेलं, आणि त्या वाकड्या तोंडानं तो खूप वेळ काहीतरी बोलत राहिला. ओलं, चघळल्यासारखं. पोरीला त्यातला एक शब्द कळला नाही.

दुसऱ्या दिवशी लोकांना बोट सापडली. बाप एंजिनावर पालथा, मेलेला. भाऊ मांडीवर झोपलेला, तिचे हात अजून त्याच्या कानांवर. आई सापडली नाही. कधीच नाही.

भावाला तिनं काय सांगावं? आईचा पाय घसरला, बाबा तिला वाचवायला धडपडले, म्हणून सांगितलं. खोटं बोलली. पोरगं मायेनं वाढावं म्हणून बाईमाणूस जे खोटं बोलतं, त्या खोट्याला पुढं दात फुटतात. धाकटा बापाचा भक्त होऊन बसला. मोठा झाल्यावर त्यानं बहिणीच्या खोलीमागं चादरीत गुंडाळून ठेवलेलं ते मशीन शोधून काढलं, बोट डागडुजी करून पाण्यात घातली, पाहुणे फिरवायचा धंदा मांडला. बापाचं ते लोखंडी हँडल घासूनपुसून केबिनच्या भिंतीवर टांगलं. आठवण म्हणून!

“असला आवाज आता मिळत नाही, ताई,” तो म्हणाला होता. “आणि खरं सांगू? हे गाणं लागलं की मला झोप येते. लहानपणी ऐकल्यासारखं वाटतं.”

तिनं तेव्हाच ते मशीन घणानं फोडायला हवं होतं. नाही फोडलं. उलट नव्या बॅटऱ्या बसवून दिल्या, वायरी ओढून दिल्या, आणि चावी दोनवर ठेवायची शपथ घातली.

पहिले काही दिवस ठीक गेले. मग बॅटरी उतरायला लागली.

सगळं बंद असताना उतरायची. थोरलीनं वायरी तपासल्या, फ्यूज काढून खिशात घातले, डायनामो खोलून बघितला. दोष सापडेना. एकदा ती भर दिवसा एकटीच बोटीवर गेली. गाण्याच्या बॅटरीची वायर तिनं स्वतःच्या हातांनी सोडवलेली होती. आणि पायाखाली पंप घरघरत होता. कोरडाच. पाणी नसलेल्या पंपाचा आवाज वेगळा असतो, दम लागलेल्या माणसासारखा. ती पुढच्या खणात वाकली. तिथं दिवा होता. दिव्यावर फडकं बांधलेलं होतं, ओलं. आतून उजेड तांबूस दिसत होता. तिनं फडक्याला हात लावला. दिवा चटका बसेल इतका तापलेला, आणि फडकं थंडगार, आत्ताच पाण्यातून काढल्यासारखं. त्याला शेवाळाचा वास होता. गाठ मारून टोकं आत खोचलेली होती. अशी गाठ मारणारं माणूस तिनं आयुष्यात एकच पाहिलं होतं.

बाहेर येऊन बघते तर सर्चलाइटची मान पाण्याकडे वाकलेली. लागलेला होता. उन्हात दिसत नव्हता, काचेजवळ हात नेल्यावर ऊब लागली.

थोरली रडली नाही. रडायची सवय तिला लहानपणीच मोडावी लागली होती. ती तिथंच खाली बसली आणि हळूच म्हणाली, “आई… आता कशाला गं? तो तर मेला ना…”

पंप थांबला नाही.

आता कशाला, ते तिला त्याच संध्याकाळी कळलं. नवी खोलीवर चहा प्यायला आली आणि कप उचलताना तिची बाही वर सरकली.

“हे काय?”

“दार लागलं, ताई.”

“कुठल्या दाराला पाच बोटं असतात?”

नवीनं बाही खाली ओढली. ती चांगली बोलकी पोर होती. नवऱ्याला अरे-तुरे करायची, धक्क्यावरच्या बाप्यांची नक्कल करून थोरलीला हसवायची. अलीकडे नकला थांबल्या होत्या.

“घरी तो असा नसतो हो,” ती कपात बघत म्हणाली. “बोटीवरच… गाणं मोठं झालं की त्याला काहीतरी होतं. मग आवाज उतरतो, मशीन बंद पडतं, की तो पण शुद्धीवर येतो. रडतो, पाया पडतो माझ्या. बॅटरी उतरते ना, ते बरं आहे बघा.”

थोरलीच्या हातातला कप कलंडला. चहानं बोटं भाजली तरी तिला कळलं नाही.

तिनं धाकट्याला खडसावलं. मशीन काढ म्हणाली. तो हसला, मग चिडला, मग म्हणाला, “माझ्या बापाची वस्तू आहे, तुला डोळ्यात खुपते.” तेव्हा थोरलीनं ठरवलं, भांडण नको, मुळावरच घाव घालू. आज सकाळी ती वल्ही मारत एकटीच बोटीवर गेली. कुणाला न सांगता दोन्ही बॅटऱ्या सोडवल्या, एक एक करून होडीत उतरवल्या आणि खोलीवर आणून बाकावर ठेवल्या. आता वाजव म्हणावं गाणं! परत द्यायच्याच नाहीत, असा तिचा बेत होता. स्वतःच्या शहाणपणावर खूश होऊन तिनं जेवणही चार घास जास्त केलं.

दुपारी ती बाकाशी उभी राहून बॅटऱ्यांत पाणी घालत होती आणि पाण्यावरून गाणं आलं.

तिला आधी वाटलं, दुसरी कुठली बोट असेल. पण तो आवाज ती मेल्यावरही ओळखेल. तिनं बाकाकडे बघितलं. दोन्ही बॅटऱ्या तिथंच होत्या. चिमटे लावलेले, बुडबुडे येत होते.

होडी कशी सोडली, वल्ही कशी मारली, तिला आठवत नाही. बोटीवर चढली तेव्हा धाकटा पाठमोरा उभा होता आणि नवी दाराशी गाल धरून. बॅटरीच्या मीटरचा काटा भरल्याच्या टोकाला टेकलेला. चावी दोन्हीवर. थोरली सरळ पेटीपाशी गेली आणि तिनं झाकण उचलून आत पाहिलं.

पेटी रिकामी होती. तळाशी बॅटऱ्यांचे दोन चौकोनी डाग. आणि वायरींची सुटी टोकं, जी तिनंच सकाळी वळवून ठेवली होती, ती गाण्याच्या ठेक्यावर पालीच्या तुटलेल्या शेपटीसारखी उड्या मारत होती.

तिनं झाकण लावलं आणि वर बसली. धाकटा घाबरेल म्हणून नव्हे. त्याला हे आवडेल, या भीतीनं बसली. न उतरणारं गाणं! बापाला दुसरं काय हवं होतं?

म्हणून ती उठत नव्हती.

“मोठी नवी बॅटरी आणीन म्हणत होतो,” धाकटा म्हणाला. “तुझ्या हाताखालची नको. बघू दे आत काय करून ठेवलंयस ते. ऊठ.”

“मी मेले तरी उठणार नाही.”

“मग मर.”

हा शब्द त्यानं बहिणीसाठी आजवर कधी वापरला नव्हता. तिनं वर बघितलं, तोवर त्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळली होती. एका हिसक्यात त्यानं तिला झाकणावरून ओढलं. तिचं डोकं सुकाणूच्या दांड्यावर आपटलं, कानशिलावरची कातडी फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. त्या लाल पडद्यातून तिनं पाहिलं, त्यानं झाकण उचललं होतं आणि तो वाकून आत बघत होता.

त्यानं आत हात घालून तळ चाचपला. मग मागं वळला. त्याच्या तोंडावर लहान मुलासारखं हसू होतं.

“ताई… नाहीतच की बॅटऱ्या.”

“बाहेर चल. आत्ता. माझं ऐक, बाळा…”

“म्हणजे लागतच नाहीत!” तो हसला. “म्हणजे आता हे कधीच उतरणार नाही. कधीच!” आणि त्यानं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. एक काच तडकली.

“पोरी, उडी मार!” थोरली ओरडली. “पोहता येतं ना तुला? मार उडी!”

“तुम्हाला सोडून?” नवी म्हणाली, आणि बाहेर जायच्या ऐवजी आत धावली. वेडी पोर. तिनं स्पीकरच्या वायरी दोन्ही हातांनी धरून उपटल्या. वायरी तिच्या हातात आल्या. गाणं तसंच चालू राहिलं.

धाकट्यानं तिला उलट्या हातानं मारलं. ती भिंतीवर आदळली, ओठ फुटला, आणि दात वाजला तो आवाज गाण्यातूनही थोरलीला ऐकू आला. तिनं जाऊन भावाच्या दंडाचा चावा घेतला, मांस तोंडात येईपर्यंत. त्यानं तिला झटकलं आणि भिंतीवरचं लोखंडी हँडल काढलं. पहिला फटका तिनं हातावर झेलला. मनगट मोडलं. दुसरा फटका फळीत बसला आणि फळी फुटली.

तेव्हाच पुढच्या खणातला दिवा लागला. तांबूस, ओल्या फडक्याआडून. पाठोपाठ पायाखाली पंप घरघरायला लागला, कोरडा, धापा टाकत. मग बाहेर टोकाचा सर्चलाइट, मग पंखा, मग बोटीवर असतील नसतील ते सगळे दिवे, भडभडा, एकामागून एक. सगळं लागलं, सगळं सांडायला लागलं, आणि गाण्याचा आवाज केसभरही खाली आला नाही.

थोरलीला तेव्हा कळलं तिनं काय केलं होतं ते. बॅटरी जागेवर असती तर एव्हाना उतरली असती. सांडायला काहीतरी हवं ना! मेलेल्या बाईकडे एवढी एकच युक्ती होती, आणि ती पोटच्या पोरीनं सकाळी होडीत घालून काठावर नेऊन ठेवली होती. दिवे थरथरत होते. पंपाचा आवाज चिरका होत होता, ओरडल्यासारखा.

धाकटा नवीकडे वळला. ती दोन स्पीकरांच्या मधल्या कोपऱ्यात कोंडली गेली होती.

“अरे, तुझ्या बापानं तिला मारलं!” थोरली किंचाळली. इतकी वर्षं दाताखाली धरलेलं सगळं बाहेर आलं. “आईचा पाय नाही घसरला! याच गाण्यावर मारली तिला, याच केबिनमध्ये! केसांना धरून पाण्यात टाकली!”

धाकट्यानं मान वळवली. चेहरा त्याचाच होता, फक्त खालचा जबडा एका बाजूला सरकलेला.

“माहीत आहे,” तो म्हणाला. ओलं, चघळल्यासारखं.

आणि त्यानं हँडल दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं.

थोरलीनं उठायचा प्रयत्न केला. मोडका हात खाली दुमडला आणि ती तोंडावर पडली. पडल्या पडल्या तिनं डोळे नवीवर ठेवले, निदान कुणीतरी बघत असावं म्हणून. त्या संध्याकाळी बंद केबिनमध्ये आईकडे बघायला कुणी नव्हतं.

नवीनं तोंडावर धरलेला हात काढला. अंगात साधा कुर्ता होता, ओढणीसुद्धा नव्हती. पण तिचा हात खांद्याकडे गेला, नसलेला पदर तिनं ओढून पुढं घेतला आणि त्यानं तोंडावरचं रक्त सावकाश पुसलं. तिच्या केसांतून पाणी गळायला लागलं. मग तिनं पुढं होऊन, वर उचललेल्या त्या हातावर आपला हात ठेवला, थकलेल्या माणसाचं ओझं उतरवून घ्यावं तसा. पंप थांबला. दिवे विझले. गाणं जड, घोगरं होत थांबलं. धाकट्याचा वाकडा जबडा हलला, पण शब्द आला नाही. तिची नजर धक्क्याकडे नव्हती. ती खिडकीतून पलीकडे बघत होती, जिथं पाणी सगळ्यात खोल आहे तिकडे. आणि जे वाक्य थोरलीनं जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, ते ती म्हणाली, भाजी संपली असं सांगावं इतक्या साध्या आवाजात:

“अहो, बॅटरी उतरली. चला आता घरी.”